गोळी पोटात गेली का, हे कोणी बघायचे?

धानोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नुकत्याच रुजू झालेल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंचा प्रश्न असा: "प्रशिक्षणात नेतृत्वाच्या तासाला दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल स्लिम यांचे उदाहरण दिले. माझ्याकडे एक सिस्टर, एक आरोग्य सेवक आणि सहा आशाताई. जवळजवळ सगळेच वयाने मोठे. सांगितले की 'हो मॅडम' म्हणतात आणि करतात आपल्याच मनाने. लाखोंच्या फौजेच्या सेनापतीचा माझ्यासारखीला काय उपयोग? त्याची पद्धत नेमकी होती तरी काय?"

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाच्या कामात ३३ वर्षे काढली. आरोग्य सेवक म्हणून लागलो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. स्लिम यांच्याबद्दल वाचायला लागलो तो लष्कराच्या आवडीने नाही, हिवतापामुळे. ब्रह्मदेशाच्या लढाईत त्यांचा पहिला शत्रू तोच डास होता, जो तुमच्या उपकेंद्राच्या मागच्या नाल्यात आज अंडी घालतो आहे. म्हणून म्हणतो, प्रशिक्षणात उदाहरण देणाऱ्याने बरोबर माणूस निवडला. फक्त त्यातले तुमच्या कामाचे काय, ते सांगायचे राहून गेले असावे.

एक गोष्ट आधीच बोलतो. ती लढाई इंग्रजांच्या साम्राज्याची होती. त्याच इम्फाळच्या डोंगरांत समोरच्या बाजूने नेताजींची आझाद हिंद सेना होती. आपली माणसे दोन्हीकडे होती. म्हणून स्लिम यांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. पण हजारो माणसांना आजारातून आणि पराभवातून उठवून उभे कसे केले, हे शिकायचे असेल तर हा माणूस वाचायलाच हवा.

विल्यम स्लिम १८९१ साली ब्रिस्टलजवळ जन्मले. घर साधे, वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार. तरुणपणी गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत शिकवले, मग एका कंपनीत कारकुनी केली. १९१४चे युद्ध लागले नसते तर हा माणूस अधिकारी झालाच नसता. त्या काळी इंग्रज सैन्यात अधिकारी व्हायचे तर घर मोठे लागे. त्या युद्धात दोनदा जखमी झाले, नंतर हिंदुस्थानी सैन्यात गुरखा पलटणीत आले. गुरखाली आणि उर्दू बोलत, जीपच्या बॉनेटवर चढून सैनिकांशी बोलत. सैनिक त्यांना आपसात 'अंकल बिल' म्हणायचे. तुमच्या भागात गोंडी आणि माडिया बोलतात. दहा वाक्ये तरी शिकून घ्या. ताप कधी आला, थंडी वाजली का, गोळी खाल्ली का, एवढे स्वतः विचारता आले तरी घरातल्या बाईची नजर बदलते.

८ मार्च १९४२ला रंगून पडले. त्यानंतर काही दिवसांतच स्लिम यांच्या हाती ब्रह्मदेशातले सैन्य आले, तेही माघार घेणारे. चौदाशे किलोमीटरहून जास्त मागे सरत, भर पावसाळ्याच्या तोंडावर ते सैन्य इम्फाळला पोचले. कपड्यांच्या चिंध्या, अंगात ताप, पण शेवटच्या तुकड्या हत्यारे खांद्यावर घेऊनच आल्या. १९४३च्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे पूर्वेकडची फौज आली आणि तीच पुढे चौदावी सेना झाली. हिंदुस्थानी, गुरखा, ब्रिटिश, आफ्रिकी अशी मिश्र, आणि त्यात हिंदुस्थानी सर्वांत जास्त.

स्लिम यांनी आधी नकाशा पाहिला असेल असे आपल्याला वाटते. मला भावतो तो त्यांनी पाहिलेला आजाऱ्यांचा तक्ता. १९४३ साली लढाईत जखमी होऊन मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे आजारी म्हणून पाठवलेले १२० होते. हिवतापाचे वर्षाचे प्रमाण एकूण सैन्याच्या ८४ टक्के. जपान्यांनी जावा घेतल्याने क्विनाइनचा पुरवठाही तुटलेला. त्याऐवजी मेपाक्रिन नावाची पिवळी गोळी होती. ती रोज घ्यायची. तिने कातडी पिवळी पडायची, आणि तिने माणसाची मर्दानगी जाते अशी अफवा छावण्यांत पसरलेली. मग गोळी थुंकायची, खिशात टाकायची, मातीत पुरायची. हत्तीरोगाच्या मोहिमेत तुम्ही फिरला असाल तर ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आमच्या गावात एक म्हातारे पेन्शनर होते, ब्रह्मदेशात ट्रक चालवलेले. मी लहान असताना ते सांगायचे, "गोळी तोंडात टाकाची, पानी प्याचं, मंग हवालदाराले जीभ वर करून दाखवाची. जीभ दाखवल्याबिगर जेवन नाही." आम्ही पोरे हसायचो. खूप वर्षांनी आम्ही हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी 'समक्ष' खाऊ घालायला लागलो, तेव्हा मला त्या म्हाताऱ्याची जीभ आठवली.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळे इथेच आहे. स्लिम यांनी हुकूम काढला: सूर्य मावळायच्या आत बाह्या खाली, पूर्ण पँट, आणि रोज गोळी. असे हुकूम त्यांच्या आधीही निघाले होते. त्यांनी वेगळे केले ते असे की पलटणींवर अचानक तपासणी लावली. पलटणीतला एकूण एक माणूस तपासायचा. ९५ टक्क्यांपेक्षा कमी जणांनी गोळी घेतलेली आढळली, तर शिक्षा गोळी न घेणाऱ्या शिपायाला नाही. पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला पदावरून हटवायचे. असे तीनच अधिकारी हटवावे लागले. बाकीच्यांना न सांगता कळले. १९४५पर्यंत रोज हजारात १२ माणसे आजारी पडायची तिथे एक पडू लागला.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. कारण सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाल्यापलीकडच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचे रुग्ण पुन्हा पुन्हा निघत होते. त्याच घरांत, तीच माणसे. आमच्या आरोग्य सेवकाचे रजिस्टर मोत्यासारखे होते. प्रत्येक नावापुढे 'समूळ उपचार पूर्ण', चौदा दिवसांच्या चौदा खुणा. जुलैत नाला थोडा उतरला तेव्हा मी चालत गेलो. एका घरात सत्तरीच्या म्हाताऱ्याला विचारले, "आजोबा, गोळ्या खाल्ल्या का जी?" "खाल्ल्या ना जी." इतक्यात नातू पुढे आला आणि छपराकडे बोट दाखवले. म्हाताऱ्याने जराही न लाजता कामट्यांत हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी काढली. आत त्याच चौदा दिवसांच्या औषधाच्या, प्रायमाक्विनच्या, अकरा गोळ्या, तंबाखूच्या पुडीशेजारी. मी विचारले, "काऊन ठेवल्या?" तो म्हणाला, "ताप त उतरला. मंग कायले खाऊ? रोवन्याच्या टायमाले आला त तवा खाईन. तवा तू येशील का गोरी घेऊन?"

त्या दिवशी मी नऊ घरे फिरलो. पाच घरांतून अशा पिशव्या निघाल्या. माणसे औषध फेकत नव्हती ताई, बियाणे जपावे तशी जपून ठेवत होती. भात रोवायच्या दिवसांत एक दिवस आडवे पडले तर वर्षाचे पोट जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. ताप उतरला तरी जंतू यकृतात दडून बसतो आणि तोच महिन्यांनी पुन्हा उठतो, हे मात्र त्यांना कोणी बसून सांगितलेले नव्हते.

परत येऊन मी काय केले? त्या आरोग्य सेवकाला मेमो दिला. तो गप्प राहिला. रात्री रजिस्टर पुन्हा उघडले तेव्हा दर महिन्याच्या पानाखाली 'तपासले' म्हणून एक सही दिसली. ती माझी होती. दोन वर्षांत त्या टोल्यातले एकही घर मी पाहिले नव्हते, आणि चोवीस सह्या केल्या होत्या. स्लिम तपासणीला आले असते तर आरोग्य सेवकाला नाही, मला घरी पाठवले असते. मेमो मी परत घेतला आणि सगळ्यांसमोर का घेतला तेही सांगितले. सोपे नव्हते. पण त्यानंतर त्या माणसाने मला कधी खोटी खूण दाखवली नाही. "सायेब, या घरात चारच दिवस झाल्या" असे तोंडावर सांगायला लागला. मला आकडा कमी मिळाला, पण खरा मिळाला.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून तुमच्याच हाती देतो. ही माणसे ऐकत नाहीत, हे तुम्हाला कशावरून कळले? मीटिंगवरून, रजिस्टरवरून की घरी जाऊन? पहिल्या दोन महिन्यांत कोणाला काही नवीन सांगू नका. रोज एका आशाताईंसोबत जा. तपासायला जाते आहे असा चेहरा नको, शिकायला जाते आहे असा असू द्या, आणि तसेच असू द्या. चौदा दिवस आशाताई रोज दूरच्या टोल्यावर जाऊ शकत नाहीत. मग घरातले किंवा शेजारचे कोणी नेमायचे, जे रोज जेवणानंतर समक्ष गोळी देईल आणि रिकाम्या स्ट्रिपा ठेवेल. आशाताई चौथ्या, आठव्या, चौदाव्या दिवशी जाऊन त्या मोजतील. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन नाही, हे तुम्ही जाणताच. पण लघवी काळपट झाली तर गोळी तिथेच थांबवून लगेच निरोप पाठवायचा, हे त्या शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. तुम्ही सोबत नसताना तोच तुमचा डोळा आहे.

स्लिम यांची दुसरी गोष्टही हिवतापाचीच. आधी ताप आलेल्या सैनिकाला शेकडो मैल मागे हिंदुस्थानात पाठवत. तो महिनोन् महिने परत येत नसे. त्यांनी आघाडीच्या मागे काही मैलांवरच उपचाराची ठाणी उभी केली, की ताप आला त्याच दिवशी-दुसऱ्या दिवशी इलाज सुरू आणि काही आठवड्यांत माणूस तुकडीत परत. आमच्या काळी रक्ताची काच (स्लाइड) घ्यायची, ती प्राथमिक आरोग्य केंद्राला जायची, प्रयोगशाळेत ढीग लागायचा, रिपोर्ट यायला दहा-पंधरा दिवस. तोवर त्या घरातल्या डासांनी चार जणांना वाटून दिलेले असायचे. आज आशाताईंच्या पिशवीत आरडीके, म्हणजे हिवताप जागेवर तपासायचे किट आहे, वीस मिनिटांत उत्तर. तुमच्या भागातली आघाडीची ठाणी म्हणजे त्या सहा पिशव्या. प्रत्येकीत किती किट आहेत, मुदत कधीची, एसीटीची, म्हणजे फाल्सिपेरम या जीवघेण्या हिवतापावरच्या गोळ्यांची, कोणत्या वयाची पाकिटे संपली, हे तुम्हाला तोंडपाठ असले पाहिजे.

ब्रह्मदेशात सामान पोचवायला विमाने होती, पण छत्र्यांचा दुष्काळ. रेशमी-सुती छत्र्या युरोपकडे जात. तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या कापडाच्या छत्र्या करवून घेतल्या. आपल्या बारदान्याचाच भाऊ. माणूस सोडायला त्या चालणाऱ्या नव्हत्या, पण धान्याची आणि दारूगोळ्याची पेटी उतरायची. नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांवर खर्च यायचा, हिला एक पौंडाच्या आसपास. 'वरून आले नाही' हे वाक्य मी नोकरीत हजारदा बोललो असेन. ते खरेही असायचे. पण त्यानंतर आपल्या तालुक्यात काय मिळते ते बघायला उठायचे असते, हे मला उशिरा कळले.

आता तुमच्या 'हो मॅडम'कडे येतो. आघाडीवरची एखादी तुकडी अर्ध्या शिध्यावर आली की स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्धा शिधा लावत. मुख्यालयात धान्य असूनही. त्याने आघाडीचे पोट भरत नव्हते, पण शिधा पाठवणारे कारकून आणि अधिकारी उपाशी पोटी जास्त जोरात काम करत. आमच्याकडे आशाताईंचा मोबदला थकतो. तो तुमच्या हातात नाही. पण त्यांची बिले, फॉर्म, सह्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढे जातील, आणि तुमचे स्वतःचे प्रवासबिल त्यांच्या नंतर जाईल, एवढे हातात आहे. मी हे शेवटची आठ वर्षे पाळले. कोणाला सांगितले नव्हते, तरी सगळ्यांना माहीत होते. त्याच आशाताई रात्री अकराला निरोप पाठवायच्या, "सायेब, पोरगं फणफणलं, फाल्सी निघाला, गोळी दिली."

आणखी एक. १९४२च्या पराभवानंतर जंगलात जपान्यांना कोणी हरवूच शकत नाही असे सैनिकांच्या मनात बसले होते. भाषणाने ते जात नाही. स्लिम यांनी आधी छोट्या गस्ती पाठवल्या, निवडक माणसांच्या, जिंकतीलच अशा. ती माणसे परत येऊन सांगू लागली. मग जपान्यांच्या एका कंपनीच्या ठाण्यावर अख्खी ब्रिगेड घातली. लोक म्हणाले, मुंगी मारायला हत्ती कशाला? पण त्या वेळी हरणे परवडणारे नव्हते. नवीन अधिकारी येतो तो सर्वांत बिकट गाव आधी धरतो. मीही धरले होते, आणि हात पोळून घेतले. ज्या गावातल्या आशाताईंना कामाची ओढ आहे ते गाव आधी घ्या. सगळी ताकद तिथे लावा, सिस्टर, आरोग्य सेवक, ग्रामपंचायत, शाळेचे गुरुजी. एका पावसाळ्यात तिथला ताप खाली आला की मासिक सभेत त्या आशाताईंना बोलू द्या, तुम्ही बोलू नका.

हुकूमनाम्याबद्दल एक छोटी गोष्ट. लढाईचे लांबलचक आदेश त्यांचे अधिकारी लिहीत. पण त्यातला 'उद्देश काय' हा एक परिच्छेद, सगळ्यांत छोटा, स्लिम स्वतः लिहीत. तुमच्याकडे परिपत्रके येतात बारा पानांची. ती वाचून आशाताईंना चार ओळींत सांगणे हे तुमचेच काम. ते व्हॉट्सअॅपवर जसेच्या तसे ढकलून होत नाही.

आणि चूक झाली तर? १९४४च्या वसंतात जपानच्या तीन डिव्हिजन इम्फाळ-कोहिमावर चालून आल्या. कोहिमाकडे फार तर एक रेजिमेंट येईल असा स्लिम यांचा हिशोब होता. आली अख्खी ३१वी डिव्हिजन. इम्फाळकडे फौज मागे घ्यायची वेळही चुकली आणि एक डिव्हिजन जवळजवळ कोंडली गेली. लढाई शेवटी जिंकली, मग १९४५च्या मार्चमध्ये मेक्तिला आणि मंडाले घेतले, मे महिन्यात रंगून. विजयानंतर कोणी विचारत नाही. तरी आपल्या आठवणींत त्यांनी या चुका स्वतःच्या नावावर स्पष्ट लिहून ठेवल्या. त्यांच्या हाताखालच्या, कोहिमात अडकलेल्या माणसांवर ढकलल्या नाहीत. हे वाचताना मला एक आढावा बैठक आठवते. स्लाइडांचा ढीग का, असे वरून विचारले गेले. ढीग माझ्या नियोजनाने लागला होता. मी खाली मान घातली आणि बोलणी आमच्या एका सेवकाने खाल्ली. तो आज हयात नाही. त्याची माफी मागायची राहून गेली.

तुम्हाला कोणाला हटवता येणार नाही, आशाताई तर नोकरदारही नाहीत. तेव्हा स्लिम यांच्या तपासणीचा तो भाग तुमच्यावर एकटीवर लागू करा. ९५ टक्के घरांत गोळी पोटात गेली का, याचा जाब स्वतःला विचारा.

१९४४च्या पावसाळ्यातही त्यांनी पाठलाग थांबवला नव्हता. सगळे म्हणत होते पाऊस उघडू द्या. आपल्याकडे तर पावसाळा हाच हिवतापाचा हंगाम. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, तसे तुमचेही दोन-तीन टोले तुटतच असतील. मृग लागायच्या आत त्या टोल्यांवरच्या आशाताईंकडे दोन महिन्यांचे किट, एसीटी, प्रायमाक्विन पोचवून या, आणि दिवस भरत आलेल्या बायांना माहेरघरात, म्हणजे दवाखान्याजवळ बाळंतपणाआधी राहायच्या जागी, कधी आणायचे तेही त्याच फेरीत ठरवा. मग नाला उतरेल त्या पहिल्या दिवशी चालत जा. घरात बसल्यावर छपराच्या कामट्यांकडे नजर जाऊ द्या, पण हात घालू नका. रोवण्याचे कसे चालले आहे ते आधी विचारा. पिशवी असेल तर म्हातारा स्वतः काढून देईल.